दम घ्यायच्या जागा

हरेश्वरबुवा आख्यान कागदावर उतरवत नसत, पाटावर मांडत. एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं झाली, की गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत ते पाट टाकून बसायचे, पितळी डबी उघडायचे आणि सुपाऱ्या ओळीनं ठेवत जायचे. मोठी सुपारी म्हणजे कथेतला टप्पा. इथं राजाचा दरबार, इथं वनवास, इथं देवाची धाव. आणि मोठ्या सुपाऱ्यांच्या मधे कुठेतरी एखादी बारीक सुपारी. ती गजराची. तिथं आली कथा, की बुवा चिपळ्या धरलेला हात उंच करून थांबायचे आणि समोरचं अख्खं देऊळ ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणू लागायचं.

माझी खोली त्यांच्या खोलीला लागूनच. एकदा मी विचारलं, “बुवा, ही बारीक कशाची?”

“ती माझी नव्हे, तुमची,” ते म्हणाले. “मोठ्या तेवढ्या माझ्या.”

मुंबईत प्लेग यायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या साली पाटावर बारीक सुपाऱ्या वाढल्या. पौषापासूनच वाढल्या. कीर्तनात दहा ओळी गाऊन झाल्या न झाल्या, की बुवांचा हात वर. आम्ही तर हरखून गेलो होतो. देवळातून बाहेर पडताना जो तो म्हणे, बुवांची आता खरी अवस्था लागली. कथेत मन राहत नाही, नामातच बुडून जातात. मागच्या खांबाला टेकून बसणारी शेवंता कोळीण, जिचा आवाज मासळीबाजारात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, ती डोळे पुसत म्हणाली, “यंदा बुवा आपल्याला देवाजवल नेऊनच सोरतील.” मलाही तसंच वाटत होतं. मी घरी येऊन देवापुढे जास्तीचा एक दिवा लावत होतो.

हे वेगळं आहे हे ओळखलं फक्त एकानं, आणि तो देवळाच्या आत नव्हताच.

बुवांचा मुलगा चिंतामणी रंगांचं रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेला होता आणि तिकडेच ऱ्हाइन नदीच्या काठी एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला लागला होता. माघात तो रजेवर घरी आला. समुद्र ओलांडून आलेला. प्रायश्चित्त घेतलेलं नाही. घरात त्याची आई काशीबाई त्याला वेगळ्या ताटात वाढत आणि ते ताट स्वतः घासत, मोलकरणीला देत नसत. “माझ्या लेकाचं ताट, मी घाशीन नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन,” असं एकदा त्यांनी शेजारणीला ऐकवलंही होतं. पण देवळाची गोष्ट निराळी. तिथं चिंतामणी पायरीच्या खाली, चपलांच्या शेजारी उभा राही. आतलं काही दिसत नसे. बुवांचा हात दिसत नसे, चेहरा दिसत नसे, उपरणं फिरलेलं दिसत नसे. नुसता आवाज ऐकू येई.

तिसऱ्या कीर्तनानंतर घरी आल्यावर त्यानं विचारलं, “तात्या, तुमचा दम कधीपासून पुरत नाही?”

बुवा पगडी काढत होते. हात तसाच राहिला.

“पूर्वी गजर आला, की तुम्ही लोकांच्या वर चढून गायचात,” चिंतामणी म्हणाला. “आता गजरात तुमचा आवाजच नसतो. नुसते लोक असतात.”

काशीबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. बुवांनी पगडी खुंटीला लावली आणि म्हणाले, “आत बसला असतास तर तुलाही कळलं नसतं.”

मग डॉक्टर झाले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि मुंबईचा पावसाळा ह्या छातीला सोसणार नाही असं सांगितलं. मागच्या साली हवापालट म्हणून बुवा पाचगणीला राहून आले होते, पण तिथल्या धुक्यानं खोकला उलट वाढला होता. कोरडी, थंड, उंचावरची हवा हवी, असं डॉक्टरांचं मत पडलं. रोगाचं नाव त्यांनी चिंतामणीला बाहेर नेऊन सांगितलं. काशीबाईंनी ते विचारलं नाही आणि घरात कोणी उच्चारलं नाही.

“तशी हवा मला ठाऊक आहे,” चिंतामणी म्हणाला. “आल्प्सच्या डोंगरात. बर्फाच्या खाली एक गाव आहे, तिथं छातीचे रोगी वर्ष वर्ष राहतात. भर थंडीत गच्चीवर घोंगड्या पांघरून ऊन खात पडतात आणि बरे होऊन जातात. तात्यांना मी नेतो.”

आणि त्या रविवारी दुपारी त्यानं जर्मनीपासून इटलीपर्यंतचा नकाशा आणून बुवांच्या पाटावर पसरला.

मी होतोच. मृदंग वाजवणारा कुशाबाही आला होता. तो लालबागच्या गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, काम करी, मूळचा कोकणातला. रविवारी दुपारी गिरगावात चालत येई, बुवांचे पाय दाबी आणि नको नको म्हणत चहा पिई.

“हे मानहाइम,” चिंतामणीनं बोट ठेवलं. “इथं माझा कारखाना. आमच्या मालकांनी एक नवी गाडी घेतली आहे. घोड्याविना चालते. मागे इंजिन, पुढे दोघांची बैठक, आणि लगामाच्या जागी एक दांडा. उन्हाळ्यात ती ते मला देणार आहेत.”

“घोडा नाय?” कुशाबा म्हणाला. “मंग वढतो कोण?”

“आतला स्फोट.”

“देवा!” काशीबाई म्हणाल्या. “ह्यांना त्यावर बसवणार तू?”

“आई, आगगाडीच्या धुरानं तात्यांचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. तिकडच्या डोंगरांतून आगगाडी जाते ती बोगद्यांतून. ही गाडी म्हणजे चहूकडून मोकळी हवा! आणि वेग केवढा! सरळ रस्ता लागला, की आपल्या ट्रामच्या दुप्पट. घोडा दमला, चाबूक मारा, असलं काही नाही. इथून हायडेलबर्ग. तिथं छातीचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवायचं. मग हा डोंगरांच्या कडेकडेनं जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना सफरचंदांची झाडं, एका बाजूला द्राक्षांचे मळे, आणि ह्या अंगाला हे अरण्य. त्याला ते लोक काळं अरण्य म्हणतात. भर दुपारी आत अंधार असतो. ते पार केलं, की एकदम समोर सरोवर. आणि सरोवराच्या पलीकडे...” त्यानं हात उचलून हवेत उभा धरला. “बर्फ. आभाळाला टेकलेलं.”

बुवा नकाशाकडे बघत होते ते बघतच राहिले. त्यांना अशी वाट दिसली, की डोळे बारीक व्हायचे. आख्यान सुचताना व्हायचे तसेच.

काशीबाईंनी मात्र दुसरीकडे बोट ठेवलं. “आणि तुमची आगबोट कुठं लागते?”

“खाली, इथं. इटलीत.”

“म्हणजे डोंगर मधे आले. आधी डोंगर ओलांडून पलीकडे जायचं, आणि मग गाडीत बसून परत डोंगराकडे यायचं?”

चिंतामणीनं नकाशाची घडी सारखी केली. “गाडी तिकडे आहे ना, आई,” तो म्हणाला. “आणि डॉक्टरसुद्धा.”

“डॉक्टर हा नंतर आठवला,” बुवा हसले. “अगं, ह्याला गाडी हाकायची हौस आहे. माझी छाती निमित्ताला बरी सापडली.” हसता हसता खोकला आला. तो ओसरला. मग त्यांनीच डबी उघडली. “असू दे. निमित्त झालो तर झालो. मांडू दे मला.”

आणि ते नकाशावर सुपाऱ्या ठेवू लागले. मानहाइमवर एक मोठी, हायडेलबर्गवर एक, काळ्या अरण्यावर एक, सरोवराच्या काठी एक, आणि डोंगरातल्या त्या गावावर डबीतली सगळ्यांत मोठी.

“हां. आता सांग, हे आख्यान तू कसं लावलं आहेस?”

“सकाळी लवकर निघायचं आणि संध्याकाळपर्यंत मधे कुठंही थांबायचं नाही. तीन दिवसांत पोचतो, तात्या! आजवर तिकडे कोणी इतक्या वेगानं गेलं नसेल.”

“गाडीला काही लागत नाही? दाणा नाही, पाणी नाही?”

“पाणी लागतं. इंजिन तापतं, पाण्याची वाफ होऊन जाते, सारखं भरावं लागतं. आणि एक तेल लागतं, ते औषधांच्या दुकानात बाटलीनं मिळतं.”

“औषधाच्या दुकानात!” काशीबाई म्हणाल्या. “म्हणजे गाडी आणि ह्यांना एकाच दुकानातून.”

कुशाबा मोठ्यानं हसला आणि मग त्यानं जीभ चावली. बुवाही हसत होते. “आणि चढ आला म्हणजे?”

“मोठा चढ असला, तर...” चिंतामणी जरा अडखळला. “बसणाऱ्यानं उतरायचं. कधी कधी ढकलावी लागते.”

“कोण ढकलणार? मी?”

“गावातली माणसं येतात ढकलायला. त्यांना मौज वाटते.”

बुवांनी मूठभर बारीक सुपाऱ्या घेतल्या. “पाण्याला थांबायचं, तेलाला थांबायचं, चढाला थांबायचं. आणि तुझ्या मांडणीत एकही बारीक सुपारी नाही. चिंतू, हे आख्यान पहिल्याच दिवशी पडेल. दम घ्यायच्या जागा आधी ठरवाव्या लागतात रे. ऐन वेळी त्या सापडत नाहीत.” आणि ते एकेक गाव विचारत गेले: इथं नदी आहे का, इथं दुकान आहे का, इथली माणसं कशी आहेत. चिंतामणी सांगत गेला. सुरुवातीला रुसलेल्या आवाजात, मग रंगून. सफरचंदं कधी फुलतात, कुत्री कशी मागे लागतात, सरोवरावर पहाटे धुकं कसं असतं ते. काशीबाई गोडा मसाला किती, मेतकूट किती, पापड राहतील का, ह्याचा हिशेब पुटपुटत होत्या. “मी मागे बसले असते,” त्या मधेच म्हणाल्या. “मागे इंजिन आहे, आई,” चिंतामणी हळूच म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि पदर नीट केला.

असा सगळा रस्ता सुपाऱ्यांनी भरला, आणि त्याच वेळी तुळशीदासशेट जिना चढून वर आले.

तुळशीदासशेट देवळाचे वहिवाटदार. बुवांचे लहानपणचे सोबती. दोघं एकाच पंतोजींच्या छड्या खाल्लेले. गेली कित्येक वर्षं दर एकादशीला पूर्वरंग संपला, की बुवांच्या गळ्यात हार घालायचा तो त्यांनीच.

त्यांनी नकाशा पाहिला. सगळं त्यांच्या कानावर आलंच होतं.

“जायलाच हवं?” त्यांनी विचारलं.

“डॉक्टर म्हणतात,” बुवा म्हणाले.

तुळशीदासशेट पाटाशेजारी खाली बसले. बराच वेळ उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. “हरेश्वर, तुला खोटं सांगून मी काय मिळवू? तू बरा होऊन ये, रोज मी देवाला तेवढंच मागेन. पण आलास म्हणजे... त्या फरशीवर तुला उभं करणं माझ्या एकट्याच्या हातात नाही. पंच ऐकणार नाहीत. आणि प्रायश्चित्त घेतलंस तरी लोक घरातलं मान्य करतील, पण देवापुढे उभं राहून कीर्तन...” 

“ठाऊक आहे,” बुवा म्हणाले.

“काका, माणूस महत्त्वाचा की फरशी?” चिंतामणी ताडकन बोलला.

“चिंतू!” काशीबाईंनी दटावलं.

तुळशीदासशेट रागावले नाहीत. उठताना त्यांनी चिंतामणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग आपण काय केलं ते ध्यानात येऊनसुद्धा खाली उतरल्यावर हात धुवायला नळावर न थांबता तसेच गेले. एवढं मी वरून पाहिलं.

ते गेल्यावर बुवांनी सुपाऱ्या उचलायला सुरुवात केली. डोंगरावरची मोठी आधी.

“तात्या, काय करता?”

“श्वास कशाला हवा असतो मला, चिंतू? गायला. तो राहिला आणि गायची जागा गेली, तर तेवढा श्वास घेऊन मी काय करू? गच्चीवर ऊन खात पडू?” त्यांनी डबी मिटली. “तुझा रस्ता फार सुंदर आहे रे बाबा. पण मी येत नाही.”

काशीबाई आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, भांडी घासण्यासारखी नसतानाही.

आगबोट वैशाखात सुटायची होती. दोन तिकिटांचा निरोप चिंतामणीनं अजून पाठवला नव्हता. तो दिवसभर गॅलरीत कठड्याला टेकून उभा राही. मी समजावून पाहिलं, कुशाबानं पाय धरून पाहिलं, बुवा हसून विषय बदलत. रामनवमी गेली. कामदा एकादशी आली. आदल्या दुपारी बुवांनी पाट मांडला. ‘भगवंतानं भर रणात घोड्यांना पाणी पाजलं’ हे आख्यान होतं. मी जाता जाता पाटाकडे पाहिलं, तर मोठ्या सुपाऱ्या चारच होत्या, आणि बारीक सुपाऱ्यांनी पाट भरला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात उभं राहायला जागा नव्हती. पूर्वरंग झाला. तुळशीदासशेटनी हार घातला. घालताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बुक्क्याचं तबक फिरलं. मग बुवांनी उपरणं कमरेला कसलं आणि कथा उभी केली.

“मंडळी, दुपार झाली आहे. रण पेटलं आहे. अर्जुनाला सूर्य मावळायच्या आत पोचायचं आहे, आणि वेळ नाही. बाण सुटतो तो लांब जाऊन पडतो, आणि बाण पडायच्या आधी रथ तिथं पोचतो, असा तो वेग! आणि अशात सारथी लगाम ओढतो. ‘अर्जुना, घोडे दमले.’ अर्जुन म्हणतो, ‘देवा, आत्ता? सूर्य बघ कुठं आला!’ भगवंत म्हणतात, ‘तू सूर्य बघ. मी घोडे बघतो.’ आणि उतरले की हो खाली! घोडे सोडले. त्यांच्या अंगातले बाण आपल्या हातानं उपटले. पितांबराच्या सोग्यानं घाम टिपला. ओंजळीनं पाणी दिलं. ज्याच्या भुवईवर ब्रह्मांड हलतं, त्याला घाई नव्हती, मंडळी. घाई कोणाला? बाण मारणाऱ्याला!”

हात वर गेला. देऊळ दणाणलं. कुशाबाचा मृदंग कडाडला. गजर ओसरला, बुवा पुढे सरले. पण पुढची ओळ रणातली नव्हती.

“असाच एक रथ आहे. त्याला घोडे नाहीत.”

लोक हसले. बुवाही हसले. “खरंच नाहीत. जर्मनीत आहे तो. माझा चिंतू हाकतो. मला म्हणाला, तात्या, बसा. मी मनानं बसलो, मंडळी. तुम्हालाही बसवतो.”

आणि त्यांनी तो रस्ता उभा केला. सफरचंदांच्या फुलांचा पांढरा सडा पडला. काळ्या अरण्यात आम्ही शिरलो तेव्हा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं. कुत्री भुंकली, गावची पोरं धावली, पाण्यासाठी थांबलो तेव्हा विहिरीवरच्या बायकांनी बुवांची पगडी पाहून तोंडाला पदर लावला. तिकडे पदर कुठून येणार, पण आम्हाला दिसला. सरोवर आलं. धुकं उठलं. पलीकडे बर्फ.

“आणि आता चढ लागतो. गाडी कण्हते. चिंतू म्हणतो, तात्या, उतरा. मी उतरतो. वर बघतो तर... वर बघतो...”

आवाज तुटला. बुवांनी हात वर करायला घेतला, तो खांद्यापर्यंतही गेला नाही. खोकला नव्हता. नुसतं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. चिपळ्या हातातून सुटून फरशीवर पडल्या.

आम्ही सगळे बघत राहिलो. हात वर गेला नव्हता ना. हात वर गेल्याशिवाय गजर करायचा नसतो हे अंगात भिनलेलं. शेवटी मागच्या खांबाजवळून शेवंता ओरडली. मासळीबाजारात ओरडावं तसं. “विठ्ठल!”

मग सुरू झालं. आधी बायका, मग आम्ही. कुशाबानं मृदंग उचलून धरला, लय वाढवली नाही, एका चालीत ठेवली. चढावर ओझं नेणाऱ्याची असते तशी. बुवा हळूच खाली बसले. उभ्या हयातीत ते कीर्तनात बसले नव्हते. ते बसले आणि आम्ही म्हणत राहिलो. दुसरा कुठला गजर इतका लांबलेला मला आठवत नाही. कोणी थांबेना. आपण थांबलो तर काय होईल ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती.

बुवांनी स्वतः हात दाखवून थांबवलं. बसूनच बोलले, अगदी साध्या आवाजात.

“पौषापासून तुम्ही म्हणता, बुवा नामात बुडाले. मंडळी, बुवाचा दम संपत होता. मी तुम्हाला गजर द्यायचो आणि मागे तोंड करून श्वास घ्यायचो. तुम्ही मला ओढत आणलंत इथवर. आज तर मी हातही वर केला नाही.” ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. “मी म्हणत होतो, ही फरशी गेली म्हणजे माझं सगळं गेलं. आत्ता मी खाली बसलो होतो. कीर्तन कोण करत होतं? मी जातो. चिंतूबरोबर. तिकडे दम घेतो. परत आलो तर ह्या फरशीवर मला उभं राहता येणार नाही, हे तुळशीदासनं मला प्रामाणिकपणे सांगितलं आहे. त्याच्यावर कोणी रागावू नका. कुठे उभा राहीन, मला ठाऊक नाही.”

देवळात चुळबुळ झाली. कोणी ‘शिव शिव’ म्हणालं, दोघे-तिघे उठून गेलेही. कुशाबा मृदंगावर हात ठेवून बसला होता. तो एकदम बोलला, आणि देवळात मोठ्यानं बोलायची त्याची ती पहिलीच वेळ.

“आमच्या लालबागला मारुती हाय. चाळीच्या मागं. त्याला फरशीच नाय, बुवा. जमीन हाय शेणानं सारवलेली. तिथं कोन समुद्र वलांडून आला आनि कोन घाट उतरून आला, आमी इचारत नाय. तुमी या फकस्त.”

आरती झाली. आरतीनंतर बुक्क्याचं तबक नेहमीप्रमाणे आत न्यायचं. तुळशीदासशेटनी ते नेलं नाही. ते तबक हातात घेऊन सभामंडपातून चालत निघाले, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरले. चिंतामणी चपलांशेजारी भिंतीला टेकून उभा होता. रडत होता की काय, अंधारात दिसलं नाही. शेटनी बोट बुक्क्यात बुडवून त्याच्या कपाळाला लावलं.

“बुक्का बाहेर आणू नये असं काही कुठं सांगितलेलं नाही,” ते म्हणाले. “माझ्या मित्राला सावकाश ने रे. वेग नको करूस.”

“थांबत थांबत नेतो, काका,” चिंतामणी म्हणाला.

पुढच्या रविवारी नकाशा पुन्हा पाटावर आला आणि सुपाऱ्या पुन्हा मांडल्या गेल्या. ह्या खेपेला बारीक सुपाऱ्या चिंतामणीनं मांडल्या. बुवा नुसते ‘हं’ म्हणत होते. तीन दिवसांचा रस्ता आता आठवड्याहून मोठा झाला होता. काशीबाईंनी मेतकुटाच्या पुड्या बांधल्या आणि एकीकडे बजावलं, “बर्फात आंघोळ करायची नाही. देव काही बर्फात आंघोळ मागत नाही.”

दुपारी कुशाबा आला. अंगात धुतलेली बंडी होती, हातात नारळ, आणि विड्याच्या पानावर ठेवलेली एक सुपारी. लालबागच्या चाळीनं जमून ठरवलं होतं, त्याचीच ही सुपारी. पुढच्या वर्षीच्या हनुमान जयंतीचं कीर्तन, हरेश्वरबुवांचं.

“कुशाबा, मी बारा महिन्यांनी असेन की नाही...”

“आमी कीर्तन ठरवायला आलो हाय बुवा, पंचांग बघायला नाय. घ्या.”

बुवांनी दोन्ही हातांनी ती घेतली. कपाळाला लावली. मग नकाशाकडे वळले आणि ठेवायला जागा शोधू लागले. मुंबई त्या नकाशात नव्हती. शेवटी त्यांनी ती नकाशाच्या बाहेर, पाटाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवली.

वैशाखात त्यांची आगबोट सुटली. धक्क्यावर तुळशीदासशेटही आले होते. स्वतःच्या अंगावरची काश्मिरी शाल त्यांनी बुवांना पांघरली आणि पायऱ्यांवर उभे राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. परतल्यावर मी काशीबाईंची चौकशी करायला गेलो. त्या गॅलरीत पाटाशी बसून सुपाऱ्या डबीत भरत होत्या. नकाशा चिंतामणीनं नेला होता, पण नेताना सुपाऱ्या पुन्हा पाटावर तशाच मांडून ठेवल्या होत्या, म्हणून रस्ता अजून दिसत होता. डोंगरातली मोठी, सरोवराची, अरण्याची, मधल्या सगळ्या बारीक त्यांनी डबीत घातल्या. कोपऱ्यातली एक राहिली. मी ती उचलायला हात पुढे केला.

“तिला नका हात लावू, भावोजी,” काशीबाई म्हणाल्या. “ती दिलेली आहे.”